गुऱ्हाळावर वाकवलेली खुर्ची

अण्णा, वाचनालयाच्या खुर्च्या मुंबईला चालल्या आहेत. आपल्या पेठेतल्या वाचनालयाच्या, वर्तमानपत्रांच्या खोलीतल्या त्या आठ खुर्च्या. गोल बैठक, वेताची वीण, आणि पाठीला लाकडाची एकच वाकवलेली काठी. तिकडे कसलंसं मोठं प्रदर्शन भरणार आहे, गेल्या शे-दीडशे वर्षांत माणूस कसकसा बसत आला याचं, आणि त्यांना अशा जुन्या युरोपी खुर्च्या हव्या आहेत. कुठली खुर्ची अस्सल आणि कुठली नाही हे लिहून देण्याचं काम चिटणिसांनी माझ्यावर टाकलं, कारण या गावात खुर्च्यांवर बोलून पोट भरणारी मीच एक. तुम्ही जाऊन एकवीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला कधी चार ओळी लिहाव्यात असं मला सुचलं नाही, आणि आता लिहायला बसले तर विषय निघाला खुर्च्यांचा. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, एवढ्यासाठी कागद कशाला नासतेस.

त्या आठांतल्या दोन खुर्च्यांच्या पाठी तुम्ही केलेल्या. मी तेव्हा अकरावीत होते. शेजारच्या तालमीनं कुणा पैलवानाचा सत्कार ठेवला आणि पाहुण्यांना बसायला वाचनालयाच्या खुर्च्या उचलून नेल्या. तालमीला नाही म्हणायची पेठेत कुणाची टाप होती? पण वेताच्या नाजूक खुर्च्यांवर खुराक खाऊन तयार झालेले दोन गडी बसवायचे, आणि वर फोटोवाल्यानं त्यांना ‘जरा मागं रेलून बसा की’ म्हणायचं, ही बुद्धी आपल्याच गावाला सुचावी. फोटो निघाला म्हणे. त्यात दोन पैलवानांचे फक्त पाय दिसत होते.

हातगाडीवरून त्या दोन खुर्च्या आपल्या शेडात आल्या तेव्हा तुम्ही बैलगाडीचं जू तासत होता. जू बाजूला ठेवून तुम्ही एक खुर्ची उलटी केलीत आणि बराच वेळ तिच्यासमोर उकिडवे बसलात. तोवर तुम्ही शेकड्यांनी खुर्च्या केल्या होत्या. शाळेच्या, सोसायटीच्या, चौकोनी, सागवानी, चार पायांना चार पट्ट्या ठोकलेल्या. ही तशी नव्हती. हिचा मागचा पाय जमिनीपासून निघतो, वर चढतो, पाठीच्या माथ्यावर वळसा घेतो आणि दुसरा पाय होऊन खाली उतरतो. मधे कुठे सांधा नाही. “ह्ये कापून केल्यालं न्हाई,” तुम्ही म्हणालात, “वाकवून केल्यालं हाय.” तेव्हाचे चिटणीस घाईत होते. “कसं बी करा, मिस्त्री,” ते म्हणाले, “माणूस बसल्यावर पडला न्हाई म्हंजे झालं.”

आधी तुम्ही आपल्या नेहमीच्या रीतीनंच केलंत. फळीतून बाकदार तुकडे कापले, एकाला एक सांधले, घासले, पॉलिश मारलं. दिसायला झकास झाली होती. तुम्ही तिच्यावर बसलात, मागे रेललात, पुन्हा रेललात, कान देऊन. मग आईला म्हणालात, जरा बसून बघ. सोप्यात आजोबा होते, आणि सासऱ्यांसमोर खुर्चीवर बसायचं म्हणजे आईवर संकट. पदर सावरत ती टेकली, न टेकल्यासारखी, आणि लगेच उठली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर तुम्ही ती पाठ खोलून ठेवलेली. “झाली की ती, आता काय खोड काढलासा?” आई म्हणाली. “सांधा बोलालाय,” तुम्ही म्हणालात. मला काही ऐकू आलं नव्हतं. मला फक्त राग आला होता, कारण त्या खुर्चीपायी आठवडाभर घरातल्या प्रत्येकानं तुमची बोलणी खाल्ली होती.

वाफेवर लाकूड मऊ होतं हे तुम्हाला ठाऊक होतं. पण सात-आठ फुटांची अखंड काठी वाफवायची तर तेवढी वाफ घरच्या चुलीवर कुठून येणार? म्हणून तुम्हाला मामाचं गुऱ्हाळ आठवलं. बिद्रीचा साखर कारखाना हाकेच्या अंतरावर असताना मामा हट्टानं आपल्या उसाचा गूळ करायचा. एसटीच्या टपावर सागवानी काठ्या बांधून आपण दोघं गेलो. मी आले ती गरम गुळाच्या आशेनं, खोटं कशाला बोलू. रस उकळायच्या काहिलीखाली चिपाडांचा जाळ धडधडत होता. त्याच्या कडेला तुम्ही पाण्याचा बंद डबा ठेवलात, डब्यातून वाफ एका लांब सिमेंटच्या पाइपात सोडलीत, पाइपात काठी सरकवलीत आणि दोन्ही तोंडांना ओल्या गोणपाटाचे बोळे कोंबलेत. गुळव्या हे सगळं कमरेवर हात ठेवून बघत होता. रस कधी उतरवायचा हे गुऱ्हाळावर त्याच्याशिवाय कुणी ठरवायचं नाही, मालकानंही नाही, त्यामुळे त्याचा रुबाब राजाचा. “पावणं,” तो मोठ्यांदा म्हणाला, “खुर्ची शिजाय किती येळ लागतोय? आमटीत टाकायची असंल तर आदी सांगा.” सगळं गुऱ्हाळ हसलं. मीसुद्धा हसले.

पहिली काठी मोडली. दुसरी मोडली. दोन्ही वळणाच्या बाहेरच्या अंगानं फाटल्या. “सागवान मोडणारच की,” गुळव्या म्हणाला, “कुऱ्हाडीला सागवानी दांडा घालतंय का कोण? धामण आणा.” तो सापाबद्दल बोलत नव्हता, झाडाबद्दल बोलत होता. राधानगरीकडच्या रानातली ही धामण, तिच्या कावडी करतात, कारण ती ओझ्याखाली लवते. पुढच्या आठवड्यात तुम्ही धामणीच्या काठ्या घेऊन गेलात. मी पुन्हा बरोबर. धामण सागवानापेक्षा पुष्कळ लवली, पण माथ्यावरच्या वळणाशी तीही बाहेरून उकललीच. दुपारी आपण भाकरी खायला बसलो. उसाची गाडी समोर सोडलेली होती आणि तुम्ही घास हातात तसाच धरून तिच्या चाकाकडे बघत होता, चाकावर चढवलेल्या लोखंडी धावेकडे. मी विचारलं, काय झालं? “थांब जरा,” एवढंच म्हणालात.

त्यानंतर तुम्ही लोखंडी पट्टी आणलीत, दोन्ही टोकांना आत वळवलेली, आणि काठी तिच्यात अशी घट्ट बसवलीत की वाकताना पट्टी बाहेरच्या अंगाला राहील. “लाकूड दाबून घेतंय, ताणून घेत न्हाई,” तुम्ही मामाला समजावत होता. बाहेरची बाजू पट्टीनं ताणूच द्यायची नाही, मग सगळा दाब आतल्या बाजूला जातो, आणि तो लाकूड सोसतं. राहिला प्रश्न वाफेच्या वेळेचा. घड्याळ कुणाच्या हातात नव्हतं. वेळ गुळव्यानं ठरवून दिली: रसावरची मळी काढायला घेतली की काठी पाइपात, आणि काकवी व्हायला आली की बाहेर. तो दिवस मला लख्ख दिसतो. गुळव्या ओरडतो, “काडा!” तुम्ही हाताला गोणपाट गुंडाळून काठी ओढता, मामा दुसरं टोक धरतो, फळीवर ठोकलेल्या ठोकळ्यांभोवती तुम्ही दोघं दोन बाजूंनी पळता, आणि मी पाचरी ठोकते, एक, दोन, तीन, चार. काठी करकरते, पण मोडत नाही. पहिला गूळ देवाला आणि मग मालकाला, अशी तिथली रीत. त्या दिवशी देवानंतरचं पान गुळव्यानं तुमच्या हातात दिलं. मामानं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

दुसरीही तशीच वाकली. दोन्ही पाठी महिनाभर ठोकळ्यांत वाळल्या, मग पॉलिश होऊन खुर्च्या वाचनालयात गेल्या आणि आठांच्या रांगेत जाऊन बसल्या. तुम्ही कुठे नाव घातलं नाहीत की खूण केली नाहीत. जू, नांगर, चौकट यांवर कुणी नाव घालत नाही, मग खुर्चीवर कशाला, असा तुमचा साधा हिशेब असणार.

पुढे मला मुंबईला डिझाइन शिकायला पाठवलंत. दुसऱ्या वर्षी सरांनी फळ्यावर एक खुर्ची काढली आणि मी ताठ बसले, कारण ती वाचनालयातली खुर्ची होती. व्हिएन्नातल्या एका कारागिरानं ती दीडशे वर्षांमागे केली. सहा भाग आणि मूठभर स्क्रू. छत्तीस खुर्च्या सुट्ट्या करून एका खोक्यात मावायच्या आणि बोटीनं जगभर जायच्या. तोवर खुर्ची म्हणजे कोरीवकाम, गाद्या, सिंहाचे पंजे. बसणाऱ्यापेक्षा खुर्चीचाच तोरा जास्त. हिनं ते सगळं टाकून दिलं. पुढे पन्नास-साठ वर्षांनी नव्या विचारांचे वास्तुकार आले. नक्षी नको, वस्तू तिच्या कामाएवढीच असावी, असं ते म्हणत होते. त्यांनी पांढऱ्या भिंतींची रिकामी घरं बांधली आणि त्यांत ठेवण्याजोगी खुर्ची शोधायला निघाले, तर ती हॉटेलांतून आणि कचेऱ्यांतून केव्हाची लोकांच्या बुडाखाली होती. मग त्यांच्यातल्याच काहींनी पोलादी नळ्या वाकवल्या, पण लाकडाच्या काठीत सापडलेलं ते एकसलग वळण आधीचंच. हे ऐकताना मला फार आनंद झाला, अण्णा. जिच्यावर बसून आपल्या पेठेतले पेन्शनर वर्तमानपत्रासाठी भांडतात ती खुर्ची एवढ्या मोठ्या गोष्टीची सुरुवात होती.

मग सरांनी वाकवण्याची युक्ती सांगितली. बाहेरच्या अंगाला लोखंडी पट्टी. त्यांनी पट्टीची टोकंसुद्धा आत वळवलेली काढली. “हे कुणी प्रत्यक्ष पाहिलंय का?” त्यांनी विचारलं. वर्गात कोण कोण होतं सांगू? वास्तुकारांच्या मुली, कारखानदारांची पोरं. हात वर केला तर पुढे गुऱ्हाळ सांगावं लागलं असतं, चिपाडं सांगावी लागली असती, माझे वडील सुतार आहेत हे सांगावं लागलं असतं. मी मूग गिळून बसले. मला लाज वाटली होती, तुमची. हे शब्द फिरवून लिहिण्यात अर्थ नाही.

त्या दिवाळीला घरी आले ती डोकं खुर्च्यांनी भरूनच. तुम्ही शेडात जमिनीवर बसून पटाशीला धार लावत होता आणि मी तुम्हाला व्हिएन्ना सांगत होते, ती छत्तीस खुर्च्यांची खोकी, ते वास्तुकार. तुम्ही मन लावून ऐकलंत. “बसाय बरी वाटली म्हणून ठिवली असंल की त्यांनी,” तुम्ही म्हणालात, “त्यात एवढं काय?” मला ते बोलणं अडाणी वाटलं. मग तुम्ही जरा थांबून विचारलंत, “त्यांनी बी पट्टीच लावल्याली व्हय?” तुमच्या चेहऱ्यावर किती कौतुक होतं, दूरदेशचा कुणी भाऊबंद भेटल्यासारखं. आणि मी म्हणाले, “हो, पण त्यांची ती मूळ, अण्णा. तुमची म्हणजे तशी नक्कलच.” तुम्ही पटाशी खाली ठेवलीत. “नक्कल?” तुम्ही म्हणालात. “मी कवा बगितलं त्या माणसाला?” आवाज चढला नव्हता. मी विषय बदलला, फराळाचं काहीतरी बोलले. त्यानंतर तुम्ही माझ्याजवळ त्या खुर्च्यांचं नाव काढलं नाहीत, आणि मीही नाही.

इथल्या कॉलेजात शिकवायला लागल्यापासून दरवर्षी मी मुलांना वाचनालयात नेते. खिडकीपाशी एक खुर्ची असते, तिचं वळण सगळ्यांत सुंदर. ती टेबलावर ठेवायची आणि सांगायचं, हे बघा, कुठेही जाड नाही, कुठेही बारीक नाही, हात फिरवा, हे आपल्याकडे कुणाला जमलं नसतं. मग कोपऱ्यातली दुसरी घ्यायची. तिची पाठ एका अंगाला किंचित झुकलेली, वळणाशी फुगीर. आणि म्हणायचं, ही इथे दुरुस्त केलेली. फरक कळतो का? मुलं मान डोलवतात, वहीत दोन्ही चित्रं काढतात. दुरुस्त कुणी केली याबाबत मात्र मी ताकास तूर लागू देत नसे. इतकी वर्षं, अण्णा, एकदाही नाही.

म्हणून या प्रदर्शनाचं काम आलं तेव्हा मी ठरवलं की आता तुमचं देणं तुम्हाला द्यायचं. दोन्ही खुर्च्या शोधायच्या, आणि त्यांच्यापुढे स्वच्छ लिहायचं: पाठ कोल्हापूरची, धामणीची, आणि पुढे तुमचं नाव. गेल्या मंगळवारी गेले. आताचे चिटणीस तरुण आहेत, उत्साही. त्यांच्यासमोर मी सरळ कोपऱ्यातल्या त्या झुकलेल्या खुर्चीवर हात ठेवला आणि म्हणाले, ही माझ्या वडिलांनी केलेली. पहिल्यांदाच बोलत होते, त्यामुळे थांबवेना. गुऱ्हाळ सांगितलं, गुळव्या सांगितला, डोळ्यांत पाणी आलं. चिटणिसांनी फोटो काढला. मग पुरावा हवा म्हणून मी खुर्ची आडवी करून मागच्या पायाचं टोक ब्लेडनं जरासं खरवडलं. युरोपात या खुर्च्या बीच नावाच्या झाडाच्या करत, आणि त्या लाकडात भाकरीवर तीळ लावावेत तसे बारीक तपकिरी ठिपके असतात. धामणीला ते नसतात.

ठिपके होते. मी दुसरा पाय खरवडला, तिथेही ठिपके. वर छताकडे पाहिलं तर त्या कोपऱ्यात गळतीचा जुना डाग. वर्षानुवर्षं पावसाळा अंगावर घेऊन ती व्हिएन्नाची पाठ फुगली होती आणि झुकली होती. मग मी एकेक करून सगळ्या खुर्च्या आडव्या केल्या. चिटणीस धरत होते. दुसरी, तिसरी, चौथी, सगळ्यांना ठिपके. ठिपके नसलेल्या दोनच निघाल्या, आतून तांबूस, सरळ रेषांच्या. एक दाराजवळची. आणि दुसरी खिडकीपाशी असायची ती.

मी तिथेच जमिनीवर बसले. चिटणिसांनी पाणी आणून दिलं. “मॅडम, मग ती कोपऱ्यातली?” ते म्हणाले. ती व्हिएन्नाची, मी म्हटलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसंही हे नाही. कळसा तर मी दरवर्षी टेबलावर मांडून लोकांना दाखवत होते, फक्त दुसऱ्याच्या नावानं. तुम्हाला शोधायचं तर चूक शोधली पाहिजे, हे मी कधी ठरवलं? कुणी शिकवलं मला? सरांनी नाही शिकवलं. पुस्तकांतही तसं कुठे लिहिलेलं नाही. ते मीच केलं, तुमच्या शेडात वाढलेल्या मुलीनं. तुमचा हात मला ओळखता येईल असं मी धरूनच चालले होते, आणि जिथे काम बिघडलेलं दिसलं तिथे मला तो दिसला.

टिपण लिहून दिलं आहे. सहा पाठी युरोपातल्या, दोन इथल्या, धामणीच्या, वाकवणाऱ्याचं नाव असं असं, वाफेची सोय गुऱ्हाळावर. प्रदर्शनवाल्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. ते दोन खुर्च्या वगळतील किंवा ठेवतील. वगळल्या तर त्या वाचनालयात राहतील आणि त्यांच्यावर कुणीतरी बसेल. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांचं काय करायचं हे मात्र मला कळत नाही. त्यांतले बरेच आता स्वतः घरं सजवतात, खुर्च्या निवडतात, आणि त्यांच्या जुन्या वह्यांत तुमची खुर्ची व्हिएन्नाची म्हणून काढलेली आहे. या वर्षीच्या वर्गाला सांगेन. आधीच्यांना कुठे कुठे शोधू?

आई माझ्याकडेच असते. ब्याऐंशीची झाली, ऐकू कमी येतं, पण डोकं शाबूत. मंगळवारी घरी आले तर ती दारातच वाट बघत होती, कारण मी कुठे आणि कशाला चालले हे सकाळी तिला सांगून गेले होते. चप्पल काढायच्या आत तिनं विचारलं, “वळिकल्यास व्हय गं त्यांच्या खुर्च्या?”

मी म्हणाले, “व्हय. हात लावल्या लावल्या.”

तिचा चेहरा असा काही फुलला की मला पुढे बोलवेना. रोज कुणी ना कुणी शेजारीण येते आणि आई तिला तेच सांगते, माझ्या लेकीनं हात लावल्या लावल्या वळिकलं. मी आतल्या खोलीत ऐकत बसते. खरं काय ते फक्त इथे लिहिलं आहे, अण्णा, आणि हा कागद मी आईच्या हाताला लागणार नाही असा ठेवणार आहे.